खुर्ची सुटली, काम सुटले नाही : मोहन धारिया यांची ओळख



नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही लोकसभा, राज्यसभा, मंत्रिमंडळ, नियोजन हे शब्द पाठ करता. भूगोलाच्या तासाला जलसंधारण, वनीकरण, पडीक जमीन हे शब्द पाठ करता. परीक्षा झाली की दोन्ही पुस्तके कपाटात जातात. या अंकात मी तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याच्या आयुष्यात ही दोन्ही पुस्तके एकत्र आली. ते दिल्लीत मंत्री होते, आणि नंतर गावोगावच्या ओढ्यांत रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांचे बंधारे लोकांकडून बांधून घेत होते. त्यांचे नाव मोहन माणिकचंद धारिया.

आडनाव गुजराती वळणाचे आहे, पण माणूस कोकणच्या मातीतला. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या सुरतकरांना अशी नावे जवळची वाटतात.

जन्म आणि स्वातंत्र्यलढा

धारिया यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२५ रोजी महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता, आज तो रायगड जिल्ह्यात आहे. महाडचे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. धारिया तेव्हा दोन वर्षांचे होते. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, ही गोष्ट ज्या गावाने देशाला दाखवली, त्या तालुक्यातला हा मुलगा.

पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले, आणि १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले. सतरा वर्षांच्या मोहनने कॉलेज सोडले आणि आपला महाड भाग गाठला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये महाडच्या सरकारी कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तरुण हुतात्मे झाले. त्या लढ्यात धारिया होते.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण शेजारचे जंजिरा संस्थान नवाबाकडेच होते. १९४८ च्या सुरुवातीला तरुणांनी लोकसेना उभारून हे संस्थान भारतात आणण्याचा लढा दिला. त्यात धारिया आघाडीवर होते. त्याच वर्षी जंजिरा भारतात विलीन झाले. येथे सुरतच्या मुलांसाठी एक माहिती सांगतो. आपल्या शेजारचे सचिन, जिथे आज कारखाने आहेत, तेही पूर्वी एक छोटे संस्थान होते. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्याच सिद्दी घराण्यातील एका शाखेला ते मिळाले होते. इतिहासाचे धागे असे आपल्या बसस्टॉपपर्यंत येतात.

पुण्यातून दिल्लीकडे

यानंतर धारिया यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि वकिली केली. १९५७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेत नगरसेवक झाले. पुढे काँग्रेस पक्षात काम करू लागले. १९६४ पासून ते राज्यसभेचे सदस्य होते, आणि १९७१ मध्ये पुण्यातून लोकसभेवर निवडून आले.

काँग्रेसमध्ये तेव्हा काही तरुण खासदारांचा एक गट होता. चंद्रशेखर, कृष्णकांत, रामधन आणि मोहन धारिया ही त्यातील प्रमुख नावे. या गटाला 'तरुण तुर्क' म्हणत. हे नाव कुठून आले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानात सुलतानाकडे सुधारणांची मागणी करणाऱ्या तरुणांना असे म्हणत असत. त्यावरून आपल्याच पक्षातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या तरुणांना हे नाव पडले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मी कॉलेजात असताना हिंदी वर्तमानपत्रांत चंद्रशेखर यांच्या नावाआधी 'युवा तुर्क' हे दोन शब्द हमखास असत. त्यांचे मराठी साथी कोण, हे मला पुष्कळ नंतर कळले.

या तरुणांचा आग्रह होता की मोठ्या बँका देशाच्या मालकीच्या असाव्यात आणि माजी राजांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद व्हावेत. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तनखे बंद झाले.

१९७१ मध्ये धारिया केंद्रात राज्यमंत्री झाले. (मुलांनो, राज्यमंत्री म्हणजे एखाद्या राज्याचा मंत्री नव्हे. केंद्रातही राज्यमंत्री असतात. कॅबिनेट मंत्र्यांच्या खालचा तो दर्जा आहे. परीक्षेत येथे बरेच जण चुकतात.) त्यांच्याकडे आधी नियोजन खाते होते, नंतर बांधकाम व गृहनिर्माण खाते आले.

एक वाक्य आणि एक मंत्रिपद

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन बिहारमधून देशभर पसरत होते. त्याआधी आपल्या गुजरातमध्ये विद्यार्थ्यांचे नवनिर्माण आंदोलन होऊन गेले होते. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना ते दिवस आठवत असतील. सरकार आणि जयप्रकाशजी समोरासमोर उभे होते. अशा वेळी सरकारमधील मंत्र्याने गप्प बसावे, अशी अपेक्षा असते. धारिया गप्प बसले नाहीत. सरकारने जयप्रकाशजींशी बोलणी करावीत, असे त्यांनी उघडपणे सांगितले. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांना मंत्रिपदावरून दूर केले.

त्यांनी भांडण करा असे म्हटले नव्हते, बोला असे म्हटले होते. एवढ्यासाठी मंत्रिपद गेले. तीन महिन्यांनी, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी लागू झाली आणि धारिया तुरुंगात गेले.

आणीबाणी मार्च १९७७ मध्ये संपली. निवडणुकीत धारिया पुण्यातून पुन्हा निवडून आले, या वेळी जनता पक्षाच्या बाजूने. पंतप्रधान झाले मोरारजी देसाई. ते १९५७ पासून आपल्या सुरत मतदारसंघाचे खासदार होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. म्हणजे सुरतच्या खासदाराच्या मंत्रिमंडळात पुण्याचे खासदार मोहन धारिया वाणिज्यमंत्री झाले. नागरी पुरवठा आणि सहकार ही खातीही त्यांच्याकडे होती. व्यापार, रेशन आणि सहकारी संस्था अशी घराघरातल्या चुलीशी जोडलेली ही कामे होती. १९७९ मध्ये ते सरकार पडले आणि धारिया यांचे मंत्रिपद दुसऱ्यांदा गेले.

पडीक जमिनीचा प्रश्न

बहुतेक राजकारण्यांचे चरित्र इथे संपते, किंवा पुढच्या तिकिटाची वाट पाहण्यात जाते. धारिया यांचे वय तेव्हा ५४ होते. जवळपास माझ्याच वयाचे म्हणा ना. या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब करू लागतो. त्यांनी नवीन विषय हातात घेतला.

महाराष्ट्राने १९७२ चा भीषण दुष्काळ पाहिला होता. राज्यातील बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. डोंगर उघडे पडत चाललेले. पाऊस पडला की पाणी माती घेऊन धावत जाते, आणि उन्हाळ्यात त्याच गावात टँकर येतो. नियोजन खात्यात असताना ज्या योजना कागदावर पाहिल्या, त्यांचा शेवट गावाच्या विहिरीत दिसत नव्हता. धारिया म्हणू लागले की देशाची गरिबी हटवायची तर पडीक जमीन हिरवी केली पाहिजे, आणि त्यासाठी पावसाचे पाणी जिथल्या तिथे थांबवले पाहिजे.

१९८० च्या दशकात त्यांनी पुण्यात 'वनराई' ही संस्था उभी केली. झाडे लावणे, पाणी अडवणे, गावाचा सर्वांगीण विकास करणे हे तिचे काम. 'वनराई' नावाचे मराठी मासिकही सुरू झाले. या विषयात ते एकटे नव्हते. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत सुरू केली होती, आणि अण्णा हजारे राळेगणसिद्धीत काम करत होते. धारिया यांचे वेगळेपण असे की त्यांना सरकार आतून माहीत होते. कोणती फाईल कुठे अडते, कोणाला पत्र लिहावे, कोणाला गावात आणून उभे करावे, हे त्यांना ठाऊक होते. मंत्रिपदाच्या काळातली ही शिदोरी त्यांनी गावांसाठी वापरली.

मध्ये एकदा दिल्लीचे बोलावणे पुन्हा आले. जुने साथी चंद्रशेखर पंतप्रधान झाले, तेव्हा डिसेंबर १९९० मध्ये धारिया नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. हे पद मोठे होते, कारण आयोगाचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान असत. (हा आयोग आता नाही. १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आला.) जून १९९१ मध्ये हे पदही संपले. धारिया पुण्याला परत आले आणि वनराईच्या कामाला लागले.

२००५ मध्ये त्यांना समाजकार्यासाठी पद्मविभूषण मिळाले. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वनराईचे काम त्यांच्यानंतरही चालू आहे.

आता एक छोटा हिशेब करू. केंद्रात पहिल्यांदा सुमारे चार वर्षे, दुसऱ्यांदा सव्वादोन वर्षे, नियोजन आयोगात सहा महिने. म्हणजे ८८ वर्षांच्या आयुष्यात मोठी पदे जेमतेम सात वर्षे. वनराईचे काम पंचवीस वर्षांहून अधिक. गावातला शेतकरी आज त्यांचे नाव घेतो ते या पंचवीस वर्षांमुळे.

वनराई बंधारा कसा बांधतात

वनराईने लोकप्रिय केलेला, पुढे महाराष्ट्राच्या कृषी विभागानेही गावोगावी नेलेला उपाय म्हणजे वनराई बंधारा. गुजरातमध्ये अशाच बांधाला बोरी बंध म्हणतात. त्याला इंजिनिअर लागत नाही, टेंडर लागत नाही. कृती अशी :

१. पावसाळा संपत आला की, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओढ्यात बारीक धार वाहत असते. तेव्हाच काम करायचे. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

२. ओढा जिथे अरुंद आहे, काठ पक्के आहेत आणि वरच्या बाजूला उतार कमी आहे, अशी जागा निवडायची. उतार कमी असला की पाणी लांबपर्यंत साठते.

३. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत माती व वाळू भरायची. नुसत्या वाळूतून पाणी झिरपून जाते. गोणी गच्च भरायची नाही, थोडी मोकळी ठेवायची म्हणजे ती नीट बसते. तोंड दाभण आणि सुतळीने शिवायचे.

४. विटांसारखा सांधेमोड करत थर रचायचे. खाली रुंद, वर अरुंद. फटींत चिकण माती ठासायची. दोन्ही टोके काठात नीट रुतवायची, नाहीतर पाणी बाजूने वाट काढते.

५. जास्तीचे पाणी वरून वाहून गेले पाहिजे. ओढा पूर्ण बंद करायचा नसतो. खालच्या गावालाही पाणी हवे असते.

असे साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते. आजूबाजूच्या विहिरींना ते उतरते, रब्बीच्या हरभऱ्याला एखादे पाणी मिळते, गुरांना प्यायला मिळते. आणि हेही सांगितले पाहिजे की हा बंधारा एका हंगामाचा आहे. गोणी उन्हात फाटते, पुढच्या पुरात वाहून जाऊ शकते. म्हणून पावसाळ्याआधी गोण्या काढून घ्याव्यात, नाहीतर त्याचे प्लास्टिक शेतात पसरते. दरवर्षी गावाने एकत्र यावे लागते. मला वाटते यातच त्याचा मोठा फायदा आहे. सिमेंटचा बांध एकदा बांधला की गाव विसरते. गोणीचा बंधारा गावाला विसरू देत नाही.

तापीच्या दोन टोकांना आपण

पालकहो, आता हे सर्व सुरतमध्ये बसून का वाचायचे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत आपल्याकडे येते. मध्ये ती जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून जाते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या तिला मिळणाऱ्या नद्या. आपल्या हजेरीपटावरील नावे वाचली की हाच नकाशा दिसतो. काही कुटुंबे चार पिढ्यांपासून सुरतची आहेत, पण लिंबायत, उधना, डिंडोली भागातील अनेक घरे खान्देशातून आली. शेतात पाणी नाही, वर्षभर काम नाही, म्हणून लूमवर आणि मिलमध्ये आली. तापीचे पाणी जसे आले तशी माणसेही आली. सुरतने पोट भरले, याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण ज्या गावात आजी-आजोबा अजून आहेत, तिथे एप्रिलमध्ये हंडा घेऊन कोण उभे राहते?

येथे आपण पाण्यासाठी कसे सुखी आहोत, तेही पाहा. रांदेर-सिंगणपोरचा कॉजवे तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याच्यामागे तापीचे गोडे पाणी अडते, समुद्राचे खारे पाणी खाली राहते, आणि शहराला प्यायला पाणी मिळते. कॉजवे म्हणजे मोठा बंधारा. जो नियम सुरतसाठी खरा आहे, तोच आपल्या मूळ गावच्या नाल्यासाठीही खरा आहे.

योगायोग असा की आपली दिवाळीची सुटी एकवीस दिवसांची असते, दिवाळीनंतर लूमही काही दिवस बंद असतात, आणि त्याच वेळी कुटुंबे गावी जातात. वनराई बंधारा बांधायचीही वेळ तीच. सुरतमध्ये जागोजागी इमारतींची बांधकामे चालू आहेत आणि तिथे रिकाम्या गोण्या पडून असतात. मागितल्या तर बहुतेक ठिकाणी मिळतील.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की नवरात्रापर्यंत शाळेत रिकाम्या गोण्या जमा करण्यास एक खोली द्यावी. जे कुटुंब दिवाळीला गावी जाईल, त्याने जमेल तेवढ्या गोण्या घडी करून न्याव्यात. शाळेकडून पैशांची अपेक्षा नाही. गावात सरपंचांना आधी विचारावे, जागा त्यांच्या संमतीने ठरवावी, आणि लहान मुलांना मोठ्यांशिवाय पाण्यात उतरू देऊ नये. ज्यांचे गाव आता राहिलेले नाही, अशा जुन्या सुरतकर कुटुंबांनी गोण्या गोळा करण्याचे काम घ्यावे. त्यांची इथल्या दुकानदारांशी आणि बिल्डरांशी ओळख जास्त आहे.

काही पालक म्हणतील, मुलांनी अभ्यास सोडून माती उचलायची का? दोन दिवसांच्या कामाने अभ्यास बुडत नाही. उलट क्षेत्रफळ, घनफळ, उतार, भूजल हे चार धडे हाताने शिकून होतात.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचे दोन शब्द

धारिया यांच्या चरित्रातून दोन गोष्टी घ्या. पहिली, योग्य वाटणारी गोष्ट मोठ्यांसमोरही नम्रपणे बोलावी. वर्गात, घरी, आणि माझ्या ऑफिसमध्येसुद्धा. ऐकून घेण्याची जबाबदारी आमची. दुसरी, मॉनिटर झालात तर चांगले काम करा, आणि मॉनिटरपद गेले तरी फळा पुसणे सोडू नका.

स्वाध्याय

१. 'तरुण तुर्क' हे नाव कोणाला मिळाले व का? तीन-चार वाक्यांत लिहा.

२. धारिया यांना मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद का गमवावे लागले? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही.

३. (इयत्ता आठवी व पुढे) एक नाला १५ फूट रुंद आहे. भरलेली गोणी सव्वा फूट रुंद व अर्धा फूट जाड आहे. बंधारा ३ फूट उंच करायचा आहे. खालच्या चार थरांत गोण्यांच्या दोन-दोन ओळी आणि वरच्या दोन थरांत एक-एक ओळ ठेवली, तर एकूण किती गोण्या लागतील?

४. त्याच बंधाऱ्यामागे २०० फूट लांबीपर्यंत पाणी साठले आणि सरासरी खोली दीड फूट धरली, तर किती घनफूट पाणी साठेल? एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. उत्तर लिटरमध्ये काढा, आणि १०,००० लिटरचे किती टँकर होतात ते सांगा. हे उत्तर रात्री जेवताना घरी मोठ्याने वाचून दाखवा.

५. आजी-आजोबांना फोन करून विचारा : आपल्या गावातील ओढा त्यांच्या लहानपणी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, आणि आता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो? दोन्ही महिने वहीत लिहून आणा. सर्वांची उत्तरे आपण तापीच्या नकाशावर भरून शाळेच्या सूचना फलकावर लावू.

आपला,
आचार्य